आधी चष्मा, मग पाटी

मला विषय दिलाय प्रौढ साक्षरतेचा, म्हणजे अख्खा डोंगर. वेळ जेमतेम पाच मिनिटं. तेव्हा मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि तीच पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळलात तरी ऐका.

‘उल्लास’ योजना तुम्हाला ठाऊक आहे. २०२२ ते २०२७, पंधरा वर्षांपुढची निरक्षर माणसं, शिकवायला बिनमानधनाचे स्वयंसेवक, आणि शेवटी १५० गुणांची परीक्षा. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास. स्वयंसेवकाच्या प्रशिक्षणात हे सगळं येतं. पण समोर बसणार कोण, त्याचं काय?

निगडीच्या ओटा स्कीममधली धुणीभांडी करणारी पन्नाशीची बाई. भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेलेला हेल्पर. फोर्जिंगच्या हॅमरशेजारी उमेदीची वर्षं काढून कानांनी अधू झालेला गडी. चाकणजवळ नाणेकरवाडीत भाड्याच्या खोलीत राहणारी, घरात बंजारांची गोरमाटी बोली बोलणारी तांड्यावरची सून. चौघंही एका यादीत, एका सतरंजीवर, आणि चौघांपुढे एकच पान उघडलेलं.

मग ती बाई पुस्तक जवळ नेते, लांब नेते, आणि म्हणते, “ताई, आता नाही डोकं चालत.” आणि ताई, तुम्ही मान डोलावता! अहो, डोकं ठणठणीत आहे तिचं. चार घरांचा हिशोब तोंडपाठ आहे. चाळिशी लागलीय, जवळचं दिसत नाही, एवढंच. तिला आधी चष्मा द्या, मग पाटी.

आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यात खानावळवाल्या मावश्या आहेत. कणीक एक, भाजीचं पातेलं एक, डबे मात्र वेगवेगळे. बीपीवाल्याला मीठ कमी. दात पडलेल्याला भाकरीऐवजी मऊ भात. माळकऱ्याच्या भाजीत अंड्याची पळीसुद्धा बुडालेली चालत नाही. रात्रपाळीवाल्याचा डबा संध्याकाळीच भरलेला. आणि डबा अर्धा परत आला की मावशी विचारते, “का रे, जेवला नाहीस?” आपल्या वर्गातले डबेही अर्धे परत येतात. आपण विचारत नाही, हजेरीत ‘अनियमित’ लिहितो आणि मोकळे होतो.

म्हणून माझं म्हणणं, प्रशिक्षणाचा पहिला दिवस विचारायला शिकण्याचा असावा. जवळचं दिसतं का? कोणत्या कानाने नीट ऐकू येतं? कोणत्या हाताने लिहिणार? घरात कोणती भाषा? पाळी कोणती? पूर्वी शाळेत गेला होतात का, आणि सुटली कशाने? ऐकू कमी येणाऱ्याला पुढे बसवा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका. बोटं गेलेल्याला जाड पेन द्या, डावा हात वळेपर्यंत वेळ द्या. तांड्यावरच्या सुनेशी आधी चार दिवस नुसत्या मराठीत गप्पा मारा, मग अक्षरं.

ही काही कुणावर मेहेरबानी नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६, कलम १८ वाचा. प्रौढ शिक्षणात दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने सहभागी करून घेणं ही शासनाची आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. स्थानिक संस्था म्हणजे आपली महापालिकाही आली. आणि जाणकार आपल्या दाराशीच आहेत. भोसरीत अंधशाळा, आळंदीत अंध मुलींची जागृती शाळा. तिथल्या एखाद्या बाईंना शनिवारी बोलवा, दोन तास ऐका.

आता वेळेचं बघा. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. वेळ ठेवली दुपारी दोन ते चार, आज्यांची कामं उरकल्यावरची. आणि आपण? दुसऱ्या पाळीच्या माणसाला संध्याकाळी सहाचा वर्ग सांगतो, आणि तो आला नाही की त्यालाच नावं ठेवतो!

खिडकीतून वेळ संपल्याची खूण होतेय. अजून एक गट राहिलाच. लहानपणी शाळेत गेले, पण अक्षर आणि उच्चार यांची जोडी काही जुळेना, मार खाल्ला आणि पळाले. अध्ययन अक्षमता. कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत तीही आहे. आता चाळिशीत त्यांना पुन्हा ‘अ’पासून... नाही, हे दोन वाक्यांत होणार नाही. पुढच्या वेळी.

तेवढं उद्याचं काम ऐकून ठेवा. वर्गाला जाताना वर्तमानपत्राचा एक कागद न्या. अक्षरं येत नसली तरी चालेल, बारीक चित्र दाखवा. कुणी हात लांब ताणला, की धडा थांबवा आणि त्यांना डोळे तपासायला वायसीएम रुग्णालयात घेऊन जा. नुसतं पाठवू नका, सोबत जा. केसपेपरच्या खिडकीवर काय लिहिलंय, ते त्यांना कोण वाचून दाखवणार?