वाळूच्या पोटातील ओलावा

वाळवंट म्हटले की ओसाड, निर्जीव प्रदेशाचे चित्र श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. पश्चिम राजस्थानातील थरचे वाळवंट ह्यास अपवाद होय. जेसलमेर येथे वर्षाकाठी सरासरी २० सेंटिमीटरही पाऊस पडत नाही. तरी सन ११५६ मध्ये वसलेले ते नगर आजही नांदते आहे. हे कसे साधले?

ह्याचे उत्तर तेथील लोकांच्या जलविचारात सापडते. ते पाण्याचे तीन प्रकार मानतात. आकाशातून पडते ते 'पालर'. खोल विहिरीस लागते ते 'पाताल'. आणि ह्या दोहोंच्या मध्ये, वाळूत ओलाव्याच्या रूपाने राहते ते 'रेजाणी'. पाताल पाणी बहुधा खारे. परंतु काही ठिकाणी वाळूखाली जिप्समचा कठीण पट्टा असतो. तो मुरलेल्या पावसास खाली उतरू देत नाही. तेथे अरुंद 'कुई' खणतात. भोवतालची ओल थेंबाथेंबाने तीत पाझरते, आणि दिवसाकाठी दोनतीन घागरी गोडे पाणी लाभते. थोडके खरे, पण भरवशाचे!

हीच काटकसर शेतीतही दिसते. पालीवाल ब्राह्मणांनी खडकाळ उतारांच्या पायथ्याशी मातीचे बांध घालून 'खडीन' निर्माण केले. साचलेले पाणी मुरले म्हणजे त्या ओलीवरच गहू-हरभरा पिकतो.

झाडाविषयीची माया तर प्राणांहूनही थोर. दसऱ्यास आपण जिला पूजितो ती शमी म्हणजेच तेथील खेजडी. सन १७३० मध्ये जोधपूरनजीक खेजडली गावी राजाच्या माणसांनी ती तोडू नये म्हणून अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई स्त्रीपुरुषांनी आत्मार्पण केले.

पुढे सन १९५८ मध्ये पंजाबातील हरिकेपासून येणाऱ्या महान कालव्याचे काम आरंभले. त्याने तहान भागविली, उजाड भूमी हिरवी केली. हा उपकार लहान नव्हे. परंतु जेथे पाण्याचा अतिरेक झाला, तेथे कित्येक शेते पाणथळ होऊन क्षार वर आले. कारण तेच! भूमीखालचा कठीण पट्टा. जो थेंबाचा सांभाळ करीत होता, तोच लोंढ्यास अडवून बसला.

पाणी आणणे हे सामर्थ्याचे काम. ते किती द्यावे, हे भूमीस विचारून ठरविणे हे शहाणपणाचे. वाळवंटातील अडाणी म्हणविल्या गेलेल्या माणसापाशी हे शहाणपण शतकानुशतके होते. कालव्याच्या काठी त्याची गरज संपलेली नाही, उलट वाढली आहे.