दोर घ्यायचा तर पारखून घ्या

 

आज आम्ही तुमच्याशी दोराबद्दल बोलणार आहोत. विहिरीच्या दोराबद्दल नाही आणि गुरांच्या दाव्याबद्दलही नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं आपल्याकडे येतात आणि कड्यावरून, धबधब्यातून ज्या दोराला लटकून खाली उतरतात, त्या दोराबद्दल. या खेळाला रॅपलिंग म्हणतात. भिवपुरीच्या धबधब्याकडे तुम्ही तो पाहिला असेल. आपल्या इरशाळगडाच्या सुळक्यावरही दोर लावूनच चढतात आणि उतरतात.

सुरुवातीला आमचा या खेळाशी संबंध फक्त भाकरीपुरता होता. येणाऱ्यांना पिठलं-भाकरी, ठेचा, नाचणीचे पापड द्यायचे आणि पैसे मोजून घ्यायचे. मग गटातल्या दोघींच्या मुली कॅम्पवाल्यांबरोबर मदतीला जायला लागल्या. त्या चांगल्या शिकल्या. तेव्हा आम्हाला वाटलं, डोंगर आपला, वाट आपल्या पायाखालची, मुली आपल्या, मग सामानही आपलंच का नसावं? भाड्याने दिलं तरी चार पैसे गटाला मिळतील. विचार चांगला होता. पण सामान घेताना आम्ही चुकलो, आणि तेच सांगायला आज आलो आहोत.

आधी एका बाईची गोष्ट सांगतो. पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. विमानातून उडी मारून पॅराशूटने, म्हणजे हवाई छत्रीने, त्या खाली उतरतात. २००४ साली त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी मारली आणि २००६ साली दक्षिण ध्रुवाच्या खंडावर, अंटार्क्टिकावर. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि २०१८ च्या फेब्रुवारीत थायलंडमध्ये त्यांनी चक्क नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी मारली. फोटोत आपल्याला नऊवारी दिसते. पण ती साडी हवेत सुटू नये म्हणून आधी नीट पक्की केलेली होती, आणि पाठीवरची छत्रीची पिशवी, पट्टे, बूट हे सगळं मापात, जागच्या जागी होतं. धाडस आपल्याला दिसतं, त्यामागची तयारी दिसत नाही.

या उड्या मारणाऱ्या लोकांची एक पद्धत आम्हाला फार पटली. त्यांच्या पाठीवर एक नाही, दोन छत्र्या असतात. एक रोजची, आणि ती उघडली नाही तर दुसरी राखीव. राखीव छत्रीची घडी कुणीही घालायची नाही. परवाना असलेला माणूसच ती घालतो, आणि अमेरिकेत तर नियम आहे की दर १८० दिवसांत ती उघडून, तपासून पुन्हा घडी घालायची. मग ती वापरलेली असो वा नसो. नवा शिकणारा लगेच सामान विकत घेत नाही. तो शाळेचं सामान वापरतो. त्याला मोठी छत्री देतात, कारण मोठी छत्री सावकाश उतरते आणि छोटी चूक पोटात घालते. लहान छत्री वेगवान असते, ऐटदार दिसते, पण ती हात बसलेल्या माणसासाठी. नवा माणूस घाईने लहान छत्री विकत घेतो आणि पाय मोडून घेतो. जुनं सामानही ते लोक घेतात, पण जाणकाराने उघडून तपासल्याशिवाय पैसे देत नाहीत.

म्हणजे तीन गोष्टी. आधी शिका आणि दुसऱ्याचं चांगलं सामान वापरा. मग आपल्या मापाचं, आपल्या अनुभवाला साजेसं घ्या. आणि घेण्याआधी जाणकाराला दाखवा. हे आम्हाला आधी माहीत असतं, तर पुढचं घडलं नसतं.

झालं असं. एक कॅम्प बंद होत होता. त्यांच्या माणसाने निरोप पाठवला की दोर, सहा हार्नेस, हेल्मेट, लोखंडी कड्या असं सगळं मिळून अकरा हजारांत देतो, नव्याला याच्या तिप्पट लागतील. आम्ही चौघी गेलो. सामान खोलीत नीट टांगलेलं. दोर निळा, चकचकीत, एकही धागा निघालेला नाही. विहिरीचा दोर आम्ही जन्मभर पाहिलाय. पीळ सुटला, केस निघाले की आम्हाला कळतं. यात तसं काहीच नव्हतं. आम्ही पैसे मोजले आणि सामान घेऊन आलो.

पुढच्या रविवारी मुली त्यावर सराव करणार होत्या. त्याआधी डोंगर चढण्यात वीस वर्षं घालवलेले एक ओळखीचे दादा गावात आले होते. त्यांना आम्ही कौतुकाने सामान दाखवलं. त्यांनी दोर हातात घेतला नाही, आधी तीन प्रश्न विचारले. हा बनवला कधी? वापरला कुणी, किती? ठेवला होता कुठे? पहिल्या दोन प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हतं, कारण दोराच्या टोकाची पट्टी कापलेली होती. तिसऱ्याचं उत्तर होतं. त्या खोलीत दोराच्या खालीच इन्व्हर्टरची बॅटरी होती.

दादा म्हणाले, "बॅटरीतलं ॲसिड नायलॉनला खातं. वाफ लागली तरी खातं. वरून काही दिसत नाही." मग त्यांनी दोर थोडा थोडा करून दोन्ही हातांत वाकवत नेला. चांगला दोर वाकवला की गोल वळतो. आमचा दोर दोन ठिकाणी नळी चेपावी तसा मोडला. आत पोकळ, मऊ लागत होता.

हे का होतं, ते समजून घ्या. आपला विहिरीचा दोर बाहेरून आतपर्यंत एकाच जातीचा असतो, त्यामुळे त्याचं दुखणं वर दिसतं. डोंगराच्या दोराचे दोन भाग असतात. आत गाभा, बाहेर विणलेलं कवच. बहुतेक ताकद गाभ्यात असते. कवच नवं-कोरं दिसत असतानाही गाभा तुटलेला असू शकतो. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण या दोरासाठीच केली असावी.

त्या रात्री गटाची बैठक बसली. एक वहिनी म्हणाल्या, "अकरा हजार पाण्यात घालायचे? दोर धडधाकट दिसतोय. दोनदा वापरून तर बघू." दुसरी म्हणाली, "विकून टाकू, ज्याने घेतला तो बघेल." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ज्या मुलीने त्या दोरावरून पहिली उतरायचं ठरलं होतं, तिची आई बोलली, "माझी द्यायची नाही, तर दुसऱ्याची कशी देऊ?" तिथे बोलणं संपलं. सकाळी आम्ही कोयत्याने दोराचे हात-हातभर तुकडे केले. तो दोर तुटला असता का? सांगता येत नाही. कदाचित वर्षभर टिकलाही असता. पण माणूस लटकवायचा दोर "कदाचित" वर घेत नाहीत. खात्यातले पैसे कुठे गेले हे आम्ही वहीत लिहिलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं.

आता तुम्हाला घ्यायचं असेल, तर आम्ही शिकलो ते सांगतो. जवळ कागद-पेन्सिल घ्या.

पहिलं, दोर. तो नवाच घ्यावा, पक्क्या बिलावर. दोर दोन जातींचे असतात. एक ताणला की लांबतो, त्याला डायनॅमिक म्हणतात. वर चढताना कुणी पडलं तर तो झटका पोटात घेतो. दुसरा फारसा लांबत नाही, त्याला स्टॅटिक म्हणतात. खाली उतरायला आणि बचावाच्या कामाला स्टॅटिक. दुकानदाराला काय करणार ते सांगा आणि कोणता दोर ते विचारा. टोकाच्या पट्टीवर बनवल्याचं वर्ष असतं, ते बघा. लांबी कड्याच्या उंचीपेक्षा भरपूर जास्त हवी, आणि वापरताना खालच्या टोकाला गाठ मारायचीच. नाहीतर उतरणारा माणूस दोर संपला तरी घसरत जातो.

दुसरं, कड्या. त्यांना कॅरॅबिनर म्हणतात. बाजारात किल्ल्या अडकवायच्या तशाच दिसणाऱ्या कड्या पन्नास रुपयांना मिळतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. खऱ्या कडीवर सीई किंवा यूआयएए अशी खूण आणि आकडे कोरलेले असतात. लांबीत २२ किंवा २४, आडवी ताणली तर ७-८ असा आकडा असतो. २२ म्हणजे साधारण २,२०० किलोचा ताण. तीच कडी आडवी झाली किंवा तोंड उघडं राहिलं, तर ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून तोंडाला स्क्रू असलेलीच कडी घ्या, आणि स्क्रू बंद केल्याची दोघींनी खात्री करा.

तिसरं, हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे. इथे आपण बायकांनी जास्त लक्ष द्यायचं. एकच माप सगळ्यांना असं सांगतात, ते ऐकू नका. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर घट्ट बसला पाहिजे, खाली ओढला तरी उतरता कामा नये. बारीक मुलीला मोठा पट्टा असेल आणि ती उलटी झाली, तर ती त्यातून निसटू शकते. लहान मुलांना खांद्यावरून येणारा, पूर्ण अंगाचा हार्नेसच हवा. घेण्याआधी जे कपडे घालून उतरणार त्यांवरच तो घाला आणि जमिनीपासून हातभर वर पाच मिनिटं लटकून बघा. मांडीला कुठे काचतं ते तेव्हाच कळतं. बकलातून पट्टा मागे वळवायला लागतो, तसा तो असेल तर वळवून बाहेर चार बोटं तरी शिल्लक राहिला पाहिजे.

चौथं, हेल्मेट. मोटारसायकलचं चालत नाही. ते जड असतं आणि वरून दिलेली हाक ऐकू येत नाही. बांधकामावरचंही नको. त्याचा हनुवटीचा पट्टा ताण आला की सुटावा असाच केलेला असतो. गिर्यारोहणाचं घ्या. डोक्यावर ठेवा, पट्टा न लावता मान हलवा. डळमळलं तर माप चुकलं. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, म्हणून खाली वेणी घाला आणि ती कपड्यांच्या आत खोचा. ओढणी, मंगळसूत्र, बांगड्या काढून ठेवा. उतरायच्या कडीत केस किंवा ओढणी अडकली, तर माणूस मध्येच लटकतो आणि हाताने काही सोडवता येत नाही.

खर्चाचा क्रम आम्ही असा ठरवला. पहिल्या हंगामात काहीच घ्यायचं नाही, शिकायचं. पुण्यात गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूटसारख्या संस्था रीतसर शिकवतात. मग ज्याच्या-त्याच्या अंगावरचं घ्यायचं, म्हणजे हेल्मेट, हार्नेस, हातमोजे. दोर आणि कड्या शेवटी, आणि तेही ज्याला विक्रीतून काही मिळत नाही अशा जाणकाराला बरोबर नेऊन.

घेतल्यावर वही ठेवा. वह्या ठेवणं आपल्याला कुणी शिकवायला नको. कर्जाचे हप्ते लिहितो, तसंच प्रत्येक दोराला नंबर द्या. घेतला कधी, वापरला कधी, दगडावर घासला का, कुणी तपासला, सगळं लिहा. न वापरता ठेवला तरी नायलॉन म्हातारा होतो. बहुतेक कंपन्या दहा वर्षं ही कमाल मर्यादा सांगतात. दर आठवड्याला वापरलात तर त्याच्या फार आधी तो काढावा लागतो. चिखल लागला तर साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, बॅटरी, रॉकेल, फवारणीची औषधं यांपासून लांब ठेवा. आणि काढलेला दोर कापून टाका, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या जिवावर उठणार नाही.

आणखी एक. २०२१ साली राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार असे खेळ घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचा हुकूम निघतो, तेव्हा कितीही पाहुणे आले तरी दोर खोलीतच राहू द्या. त्या दिवशी भाकरी विका.

आमची दोन हंगामांची बचत आता पुन्हा जमते आहे. गेल्या महिन्यात चार हेल्मेट आणि चार हार्नेस घेतले, चौघींच्या मापाचे. दोर अजून घेतलेला नाही. त्याच्या पैशांना अजून थोडे महिने लागतील आणि आम्हाला घाई नाही. त्या निळ्या दोराचे तुकडे मात्र गोठ्यात आहेत. वासरांना बांधायला बरे पडतात.

तुमच्या गटाने असं काही घेतलं असेल, किंवा घ्यायचं मनात असेल, तर आमच्याकडे या. वही दाखवू. चूक झालेलं पानही दाखवू.