वायूची शुद्धता आणि नळीचे द्रव्य



पावसाळ्यात गिरगाव-लालबागच्या चाळींतील गृहिणी पापड प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता पत्र्याच्या डब्यात ठेवतात. पिशवीला छिद्र नसते, तोंडही घट्ट बांधलेले असते. तरी पापड सादळतो. विश्वकिरण टिपणाऱ्या नाजूक यंत्रांनाही याच दमट हवेचे भय असते.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेच्या नियोजित कार्यासाठी, काचेच्या 12 शोधकांची चळत उभारून अनेक वर्षे विश्वकिरण नोंदविण्यात आले. दोन काचांमध्ये 2 मिलिमीटरची फट, तीत मुख्यतः शीतकपाटात वापरला जाणारा फ्लोरिनयुक्त वायू आणि काचांवर सुमारे 10,000 व्होल्टचा दाब, अशी ही रचना. कण आरपार गेला की वायूतून इलेक्ट्रॉन सुटतात व विद्युतसंकेत मिळतो. प्राणवायू शिरल्यास तो इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो. बाष्पाचा उपद्रव याहून वाईट. विद्युतविसर्गात सुटा झालेला फ्लोरिन पाण्याशी मिळून हायड्रोफ्लोरिक आम्ल बनते, आणि ते काचच खाते!

नळीत दाब अधिक असताना बाहेरचे बाष्प आत कसे येईल, असे शिक्षकमंडळी विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु प्रत्येक वायू केवळ स्वतःच्या अंशदाबाकडे पाहतो. आत बाष्प जवळजवळ नाही, बाहेर मुबलक. म्हणून ते नळीच्या भिंतीत विरघळून पलीकडे निघते. मऊ, सोयीची सिलिकोन नळी या बाबतीत सर्वांत बेभरवशाची. नायलॉन पाणी शोषते. टेफ्लॉन रासायनिकदृष्ट्या निर्मळ, पण प्राणवायूला वाट देते. तांबे व स्टेनलेस स्टील मात्र काहीच आत येऊ देत नाहीत.

जपानमधील त्सुकुबा येथील 'बेल' प्रयोगात हा धडा महागात पडला. तेथील लांब प्लास्टिक नळ्यांतून बाष्प शिरून वायूच्या दहा लाख भागांत सुमारे 2,000 भाग पाणी आढळले. शोधकांची कार्यक्षमता खालावली. अखेर तांब्याच्या नळ्या टाकल्या, आणि मग शोधकांनी वर्षानुवर्षे काम दिले.

हा वायू फुंकून टाकणेही परवडत नाही. तो वातावरणास कार्बन डायऑक्साइडच्या 1,400 पटींहून अधिक तापवितो. म्हणून तोच पुनःपुन्हा फिरवितात व मार्गात बाष्पशोषक गाळणी बसवितात. नळीच बाष्प आत सोडत राहिली, तर ती गाळणी लवकर भरून जाते.