पहिले पन्नास तास

(गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



भाव, कर्ज, वीज यांवर आपण प्रत्येक बैठकीत बोलतो. आज मी दारात नव्यानं आलेल्या छोट्या ट्रॅक्टरवर बोलणार आहे. कारण भाव मिळाला नाही तर आपण रस्त्यावर उतरू शकतो. पण इंजिन गेलं तर कुठं मोर्चा नेणार?

छोटा ट्रॅक्टर हौसेनं आलेला नाही. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. एवढ्या तुकड्यावर बैलजोडी वर्षभर पोसणं परवडत नाही. मोठा ट्रॅक्टर कपाशीच्या ओळीत शिरत नाही, मोसंबीच्या फांद्यांखालून जात नाही, बांधाशी वळत नाही. म्हणून पंधरा-वीस अश्वशक्तीचं यंत्र आलं. समाजकल्याण खात्याच्या २०१२ च्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांसाठी ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि अवजारं धरली गेली, साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदानावर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वीची किंमत साडेतीन लाख धरली, तर साडेचोवीस हजार रुपये वाचतात.

घेणं थोडं सोपं झालं. पण घेतल्यावर काय होतं? सकाळी पूजा होते, हार घातला जातो, आणि दुपारी त्याच ट्रॅक्टरला भरलेली ट्रॉली जोडली जाते. हप्ता फेडायचा आहे, शेजाऱ्याचं रोटाव्हेटरचं भाडं चालून आलं आहे, मग कोण थांबतो? अहो, आपण खोंडाला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी मोकळं औत ओढायला लावतो, मग हलकी पाळी देतो. हे ज्याला कळतं, त्याला इंजिन कळायला अवघड नाही.

नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा लायनरच्या भिंतीवर घासून नीट बसायच्या असतात. पहिल्याच दिवशी पूर्ण ओझं टाकलं तर उष्णता वाढते आणि भिंतीवर ओरखडे पडतात. उलट, नवं आहे म्हणून जपून, नुसतंच मंद चालू ठेवलं तर रिंगा भिंतीवर पुरेशा दाबल्याच जात नाहीत. भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि ते इंजिन पुढे ऑईल पीत राहतं. म्हणजे फार लाड नको आणि फार राबवणंही नको. मध्यम ओझं, मध्यम रेस, आणि रेस अधूनमधून कमीजास्त.

हा काळ साधारण पहिल्या ५० तासांचा. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. या काळात कोळपणी करा, पेरणी करा, फवारणी करा, वखराची उथळ पाळी घाला. खोल नांगरट आणि भरलेली ट्रॉली नको. रोटाव्हेटर लावावाच लागला तर उथळ लावा. आणि वाफसा आल्याशिवाय काळ्या रानात घालूच नका. चाकं घसरतात, इंजिन दमतं आणि जमीन दाबली जाते ती वेगळीच.

रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी ऑईलची पट्टी काढून बघा. रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओतू नका, आत क्षार धरतात, कूलंट वापरा. उन्हाळ्यातल्या धुळीत एअर क्लीनर रोज उघडून बघा. पहिल्या काही दिवसांत चाकांचे नट पुन्हा आवळा, पंख्याचा पट्टा तपासा. क्लचवर पाय ठेवून चालवू नका. आणि ५० तासांची पहिली सर्व्हिस चुकवू नका. नवे भाग घासून निघालेला धातूचा बारीक कीस त्या पहिल्या ऑईलमध्ये असतो. ते ऑईल वरून काळं दिसो की स्वच्छ, बदलायचंच.

बचत गटाचा ट्रॅक्टर असेल तर आणखी एक पथ्य. दहा जणांचं यंत्र दहा जण चालवतात आणि ऑईल कोणीच बघत नाही. पहिल्या ५० तासांसाठी चालक एकच ठेवा, ट्रॅक्टरबरोबर एक वही ठेवा. मीटरचा आकडा, काम, डिझेल, ऑईल रोज लिहा.

ही वही नुसती शिस्त नाही, तो पुरावा आहे. इंजिनात दोष निघाला की पहिलं उत्तर येतं, ‘तुम्हीच नीट चालवलं नाही.’ तेव्हा वही, सर्व्हिसच्या पावत्या आणि लेखी तक्रारीची पोच पुढे ठेवा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी यंत्र घेणारा हा २०१९ च्या कायद्यानं ग्राहक आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं. घेण्याआधीही विचारा. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. त्या अहवालात पीटीओला खरी ताकद किती मिळते, हायड्रॉलिक किती वजन उचलतं, डिझेल किती लागतं, हे लिहिलेलं असतं. विक्रेत्याच्या तोंडी आकड्यापेक्षा तो कागद मागा.

शेवटी जिवाची गोष्ट. छोटा ट्रॅक्टर दोन ओळींत जावा म्हणून त्याची चाकं जवळ असतात, त्यामुळे उतारावर आणि बांधावर तो लवकर कलंडतो. ओढायचं वजन नेहमी खालच्या हुकालाच जोडा. वर साखळी बांधली तर पुढची चाकं उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटतो. डांबरी रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेकची पॅडल जोडून घ्या. एकाच चाकाला ब्रेक लागला तर गाडी गर्रकन फिरते. फिरत्या पीटीओजवळ उपरणं, पदर, सैल सदरा नको. त्याचं झाकण काढून फेकू नका. मडगार्डवर पोरं बसवू नका. आणि घरातल्या प्रत्येकाला, मायबहिणींनाही, इंजिन बंद कसं करायचं ते दाखवून ठेवा.

हप्ते पाच-सात वर्षं चालतात. इंजिन त्याआधी बसलं तर यंत्र उभं राहतं आणि कर्ज चालू राहतं. पन्नास तास म्हणजे आठवड्याभराचं काम. त्या आठवड्यात शेजाऱ्याच्या भाड्याला नाही म्हणा. गावात नवा ट्रॅक्टर आला की संघटनेच्या कार्यकर्त्यानं जाऊन आधी विचारावं: वही घातली का?