कापलेला कर परत घ्यायला वाटा कशाला?
(सोलापूर जिल्हा बैठकीतील भाषण)



शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून आयकराचे कागद नोकरदाराने आणि व्यापाऱ्याने बघावेत, असे आपण समजतो. पण कोरडवाहू घर आज नुसत्या ज्वारी-कापसावर चालते का? एक मुलगा पुण्यात ठेकेदाराकडे, दुसऱ्याची गाडी कंपनीकडे भाड्याने, म्हाताऱ्याच्या नावावर बँकेत ठेव. तिथे पैसा हातात पडण्याआधीच कर कापला जाऊ शकतो. पॅन दिला नसेल तर बहुतेक ठिकाणी 20 टक्के!

वर्षाचे उत्पन्न करपात्र नसेल तर हा पैसा आपलाच. पण विवरणपत्र भरल्याशिवाय तो परत मिळत नाही. इथे एजंट उभा राहतो आणि परताव्यात वाटा मागतो. कामाचे पैसे त्याने जरूर घ्यावेत, आधी ठरवून घ्यावेत. वाटा कशाचा? वाटा ठरला की परतावा फुगवण्याचा मोह होतो. न दिलेली देणगी, न काढलेला विमा दाखवला जातो. जुलै 2025 मध्ये आयकर खात्याने अशाच खोट्या वजावटींसाठी देशभर 150 ठिकाणी तपासणी केली. नोटीस मात्र ज्याचे विवरणपत्र त्यालाच येते.

लहान करदात्यांच्या मदतीसाठी सरकारने 2006 साली पदवीधरांना शिकवून तयार करण्याची योजना आणली. पण सरकारी मानधन बांधले ते भरलेल्या कराच्या टक्क्यांशी. ज्याला कर भरायचाच नाही, त्याच्या दारात कोण येणार? अमेरिकेत अर्धशतकाहून अधिक काळ शिकवलेले स्वयंसेवक गरीब घरांची विवरणपत्रे फुकट भरून देतात. सोलापुरातही वाणिज्य शाखेची महाविद्यालये आहेत, शिकलेली पोरे आहेत.

म्हणून आमची मागणी अशी: जून-जुलैत प्रत्येक तालुक्याच्या गावी मोफत केंद्र असावे, बोलणे मराठीत व्हावे, आणि मदतनिसाला सरकारने विवरणपत्रामागे ठराविक पैसे द्यावेत.

तोवर आपण एवढे पाळू. पासवर्ड आणि मोबाईल नंबर आपलाच ठेवायचा. परतावा आपल्याच खात्यात घ्यायचा. पोचपावती मागून घ्यायची. सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या जपायच्या, कारण उत्पन्न शेतीचे आहे हे त्यांवरूनच दाखवता येते. जमीन 2013 च्या भूसंपादन कायद्याने गेली असेल, तर कलम 96 प्रमाणे निवाड्याच्या मोबदल्यावर आयकर नाही. कापला असेल तर मागून घ्या.

आपलाच पैसा आहे. तो पुरता घरी आला पाहिजे.