लेह की तवांग?



फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाला नातेवाईक दोन गोष्टी हमखास विचारतात. एक, कँटीनमधून काय आणून देता? आणि दोन, लेहला जावं की तवांगला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी इथे देणार नाही. दुसऱ्याचं मात्र नीट देतो, कारण ही निवड चुकली तर सुट्टी वाया जातेच, पण कधीकधी जिवावरही बेतू शकतं.

मी दोन्हीकडे नोकरी केली आहे. सौंदर्याच्या तराजूत घालून यांची निवड होत नाही. तुम्ही इंदूरहून निघा, बडोद्याहून निघा की बेळगावहून, आधी तीन गोष्टी बघा : सुट्टी कधी आहे, दिवस किती आहेत आणि सोबत कोण आहे.

आधी सुट्टी. लेह पर्जन्यछायेत आहे. जून ते सप्टेंबर हा त्याचा खरा हंगाम. त्याच दिवसांत तवांगच्या रस्त्यावर धो धो पाऊस आणि दरडी. उलट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तवांगचं आभाळ स्वच्छ असतं, तर लेह गोठायला लागलेलं असतं. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीला तवांग, पावसाळ्यात रजा मिळत असेल तर लेह.

आता दिवस. लेह साधारण साडेअकरा हजार फुटांवर आहे. दिल्लीहून विमानाने तासा-दीड तासात तिथे उतरता. डोकं पोहोचतं, फुप्फुसं मागे राहतात. फौजेत धडधाकट जवानालाही नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस सवय करून घ्यावी लागते. पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती, मग थोडं चालणं, मग थोडा चढ. विशी-पंचविशीच्या पोराला हा नियम लागू असेल, तर आपल्या पन्नाशी-साठीच्या मंडळींना तो नको? म्हणून चार दिवसांचं लेह पॅकेज कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. आठ दिवस ठेवा आणि पहिले दोन हॉटेलात काढा.

तवांग दहा हजार फुटांवर. गुवाहाटीहून गाडीने जायचं, वाटेत दिरांगला साधारण पाच हजार फुटांवर मुक्काम करायचा. शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. त्रास आहे तो पाठीला आणि पोटाला, कारण वळणांना अंत नाही. शिवाय मध्ये सेला खिंड येते, तेरा हजार सातशे फुटांची. २०२४ च्या मार्चमध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून बर्फात अडकण्याची भीती कमी झाली, पण बोगदाही तेरा हजार फुटांवर आहे. खिंडीत उतरून धावाधाव करू नका. अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट लागतं, ते आधीच काढा.

आता सोबत कोण. सत्तरीचे आई-वडील असतील आणि प्रकृती ठणठणीत असेल, तर मी तवांग सांगेन, सावकाश, एक मुक्काम जास्त ठेवून. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असेल, तर दोन्हीकडे जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, नातेवाइकांना नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही पहिली सूचना. तिथेच थांबा, आणखी वर चढू नका. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट बघू नका. लगेच इस्पितळ गाठा. खाली उतरणं हाच खरा उपाय.

हे सगळं कशासाठी? तर तिथे पोहोचल्यावर मान वर करून बघायची ताकद उरावी म्हणून.

लेहच्या धावपट्टीवर उतराल तेव्हा आठवा, २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथे पहिलं डाकोटा उतरवलं. शेजारी जनरल थिमय्या बसले होते. पट्टी बांधली होती सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने. ते विमान उतरलं म्हणून कुमक पोहोचली आणि लेह वाचलं. पुढे द्रासला जाल, तर तोलोलिंगच्या पायथ्याशी १९९९ चं स्मारक आहे. आधी शिखराकडे बघा, मग नावं वाचा. त्या चढावर ओझं घेऊन, समोरून गोळ्या येत असताना जाणं म्हणजे काय, ते तुमचाच श्वास तुम्हाला सांगेल.

तवांगला सतराव्या शतकातला भव्य मठ आहे. सहावे दलाई लामा त्याच परिसरात जन्मले. सेला ओलांडल्यावर जसवंतगड लागतो. १९६२ मध्ये नूरानांगला लढलेल्या रायफलमन जसवंतसिंग रावत यांचं ते ठाणं. त्यांचा बिछाना आजही रोज घातला जातो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जवान गरम चहा देतात. तो घाईत पिऊ नका. पुढे बुम ला भागात सुभेदार जोगिंदर सिंग लढले, परमवीर चक्राचे मानकरी. तिथली उंची पंधरा हजार फुटांवर आहे. परवानगी मिळाली तरी तब्येत साथ देत नसेल, तर तवांगच्या युद्धस्मारकातूनच नमस्कार करा. तोही पोहोचतो.

तेव्हा घरी बसून ठरवताना फोटो बाजूला ठेवा. कुटुंबात सगळ्यात हळू चालणारा कोण आहे ते बघा आणि सहल त्याच्या चालीने आखा. फौजेची तुकडीही तशीच चालते.

जय हिंद.