कुणाला कळणार तर नाही ना?

(वसंत व्याख्यानमालेतील चौथे पुष्प, २२ मे २०२४. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



मला विषय दिलाय 'लोकसभा निवडणूक : सामान्य मतदाराची चिंता आणि आशा'. वाचनालयाच्या चिटणीसांनी फोनवरच बजावलं, सर, आचारसंहिता चालू आहे, कुणाचं नाव घेऊ नका. मी म्हटलं, नाही घेत, पण मग दीड तास बोलू काय? तेव्हा त्यांनी मला एका तासावर आणलं. (हशा)

आपल्याकडे १३ तारखेला मतदान झालं, निकाल ४ जूनला. नागपूर-चंद्रपूरच्या लोकांनी तर १९ एप्रिललाच मत देऊन टाकलं, त्यांना ४६ दिवस वाट पाहायची आहे. तेवढ्यात बोटाची शाई जाऊन नखही नवं येईल. परवा सोमवारी मुंबईत लोक उन्हात तासन् तास रांगेत उभे राहिले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच. एक्झिट पोल १ जूनच्या संध्याकाळपर्यंत दाखवता येत नाहीत, त्यामुळे सध्या सगळे अंदाज कटिंग सलूनमध्ये वर्तवले जातायत, आणि ते काही कमी चुकीचे नसतात. (हशा) देशाची पहिली निवडणूक, तेव्हाचे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव सांगून स्वतःचं न सांगितल्यामुळे यादीतून गळालेल्या अठ्ठावीस लाख बायका, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात शिरत नाही.

मी सरळ माझ्या मुद्द्यावर येतो. मला ओळखणारे म्हणतील, आला हा पुन्हा तिथंच. असू दे.

मतदाराची चिंता म्हटलं की आपण धरून चालतो, ती 'कोण येणार' याची. ती चिंता तुमची-माझी. सकाळी पेपर वाचणाऱ्यांची. ज्याचं पोट रोजगार हमीच्या मस्टरवर आहे, ज्याच्या वस्तीला टँकर आधी येणार की शेवटी हे कुणा एकाच्या फोनवर ठरतं, त्याची चिंता निराळी असते. मी कुणाला दिलं, हे कुणाला कळणार तर नाही ना? आणि त्याची आशासुद्धा तिथंच असते. कळणार नाही एवढी खात्री पटली, की तो मनातलं करतो.

सत्त्याहत्तर सालची नावं घेतलेली चालतील ना, चिटणीस? मान हलवताहेत. ठीक.

१८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. मार्चच्या १६ ते २० तारखांत मतदान झालं. मी तेव्हा नवाच मास्तर होतो, आणि मास्तर म्हणजे काय हे त्या वर्षी लोक वेगळ्या अर्थानं ओळखत होते. आणीबाणीत शिक्षकांना नसबंदीच्या केसेसचं टार्गेट असे. 'केस' हाच शब्द होता. आपल्या विधिमंडळानं ७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून टळलं. तर गावात मास्तर सायकलवरून दिसला की बाप्ये शेतात पळत. आणि मतदानाच्या दिवशी टेबलामागं कोण बसलेलं? मास्तरच. (हशा)

हे जरा सविस्तर सांगू द्या, वेळ आहे अजून.

जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा. बाकं भिंतीला लावलेली, कोपऱ्यात गोणपाटाचा आडोसा, आडोशात एक टेबल, टेबलावर सुतळीनं बांधलेला फुलीचा शिक्का. माझी खुर्ची पेटीशेजारी. सकाळपासून रांग होती, पण आवाज नव्हता. एरवी ग्रामपंचायतीच्या मतदानाला काय कालवा असतो, तुम्हाला माहीत आहे. इथं बाया पदर तोंडाशी धरून उभ्या.

दुपारच्या सुमाराला एक आजी आल्या. शाई लावून घेतली. मतपत्रिका देण्याआधी स्थळप्रतीवर अंगठा घेतात. तिथं त्या अडल्या. म्हणाल्या, "अंगठा कशापायी? मग कागूद कुणाचा ते कळंल की." शेजारचे मतदान अधिकारी समजावताहेत, आजी, हा तुकडा इथंच राहतो, कागद तिकडं जातो. आजी त्यांच्याकडं बघतच नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या. मला त्यांनी सायकलवर पाहिलेलं असणार. "गुर्जी, पेटी तुमीच उघडणार का?" मी म्हटलं, नाही आजी, ती तिकडं शहरात उघडतात. "मग आमच्या गावाचा कंचा कागूद ते त्यास्नी कळंल?" मी म्हटलं, सगळ्या गावांचे कागद एकत्र करतात, मिसळतात, मग मोजतात. "मिसळत्यात?" "मिसळतात." "दाण्यावानी?" म्हटलं, हो, दाण्यासारखेच.

अंगठा दिला. आत गेल्या. आत गेल्या त्या येईनातच. बाहेर रांगेत चुळबुळ. शेवटी आल्या तर मतपत्रिकेची एवढ्या वेळा घडी घातलेली, एवढ्या वेळा, की विड्याच्या पुडीएवढा गोळा झालेला. पेटीची फट असते अरुंद. जाईना! (हशा) मी हात पुढं केला, म्हटलं, एक घडी उलगडा आजी. तर मुठीत घट्ट. "तुमी हात लावायचा न्हाई." बरोबर होतं त्यांचं, मी हात लावायचा नव्हताच. मग त्या माझ्याकडं पाठ करून भिंतीशी गेल्या, एक घडी उलगडली, आल्या, जाईना. पुन्हा भिंतीशी. तिसऱ्यांदा बोटानं ठोकून ठोकून कागद आत घातला आणि पेटीला हात लावून तो हात कपाळाला लावला. गोळा आत गेला तेव्हा रांगेतल्या दोघी-तिघींनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

त्यांनी कुणाला दिलं, मला आजही माहीत नाही. माझं सगळं व्याख्यान एवढंच आहे, पण वेळ उरलाय म्हणून पुढं बोलतो. (हशा)

२० मार्चच्या रात्री पुण्या-मुंबईत वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर फळ्यांसमोर गर्दी होती. रायबरेलीत खुद्द पंतप्रधान ५५ हजारांवर मतांनी पडल्या. उत्तर प्रदेशात ८५ जागा, बिहारात ५४, काँग्रेसला दोन्हीकडं भोपळा. आपल्याकडं ४८ पैकी २० आल्या. दुसऱ्या दिवशी आणीबाणी उठली. एवढं सगळं शिजत होतं, आणि सरकारला सुगावा नव्हता. कारण विचारणाऱ्याला लोकांनी खरं सांगितलंच नव्हतं. खरं फक्त आडोशात सांगितलं.

आता तो 'मिसळतात'चा मुद्दा. मतपत्रिका मिसळून मोजायची पद्धत १९७१ च्या निवडणुकीत आली. कारण हेच. अमुक गावानं मत दिलं नाही म्हणून त्या गावावर राग काढला जाऊ नये. पुढं नियमांत ५९-अ आला. जिथं मतदारांवर दहशत येईल असं आयोगाला वाटेल, तिथं मिसळायचा अधिकार. मग यंत्रं आली. १९८२ ला केरळात परूरला पहिल्यांदा, २००४ ला देशभर. यंत्रांवर माझा राग नाही, हे नोंदवून ठेवा, नाहीतर उद्या व्हॉट्सअॅपवर मला कुठल्यातरी गटात टाकतील. (हशा) पण यंत्र एकेक करून मोजतात. आणि प्रत्येक बूथचा आकडा, कोणत्या उमेदवाराला किती, फॉर्म वीसमध्ये छापून येतो. बूथ म्हणजे किती माणसं? शहरात बाराशे-चौदाशे. आपल्या वाडीवर तीनशे-साडेतीनशे. गुजरातेत गीरच्या जंगलात बाणेज म्हणून ठिकाण आहे, तिथं एका मतदारासाठी बूथ लागतो. त्याच्या बूथचा आकडा जाहीर केला तर त्याचं मत गुप्त राहील कसं?

तीनशेच्या वाडीवर अमक्याला चाळीस मतं पडली, तर ते चाळीस कोण, हे संध्याकाळपर्यंत पारावर ठरलेलं असतं. निम्मे चुकीचे ठरवलेले असतात. ते जास्त वाईट. ज्यानं दिलं नाही त्यानंही भोगायचं. माझ्या माहितीतल्या एका वस्तीचा रस्ता असाच राहिलाय. नाव सांगत नाही, इथं समोर त्या वस्तीचे लोक बसलेत.

यावर उपाय आहे, आणि तो मी काढलेला नाही. टोटलायझर म्हणून यंत्र आहे. चौदा मतदान यंत्रं एकत्र जोडायची, तो फक्त बेरीज दाखवतो. निवडणूक आयोगानं २००८ ला सुचवलं. कायदा आयोगानं २०१५ च्या २५५ व्या अहवालात शिफारस केली. केंद्र सरकारनं नकार दिला. कारण काय, तर बूथनिहाय आकडे कळले की कुठं काम कमी पडलं ते उमेदवाराला समजतं! (हशा) समजतं, खरंच समजतं. टँकर कुठं पाठवायचा नाही, तेही समजतं.

(श्रोत्यांतून : सर, मग घोटाळा झाला तर पकडणार कसा? बूथचा आकडा हवाच.)

हां. मी वाट पाहत होतो. कोण बोललं? वकीलसाहेब. तुमचा मुद्दा खोटा नाही. सध्या सतरा सीवरून, म्हणजे बूथवर पडलेल्या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मवरून, कोर्टात चाललंय ते मी वाचतोय. पण सतरा सीच्या पहिल्या भागात त्या बूथवर एकूण किती मतं पडली एवढंच असतं, ते मी कुठं बंद करा म्हणतोय? एजंटाला सहीची प्रत मिळते, मिळू दे. चौदा सतरा सींची बेरीज आणि टोटलायझरची बेरीज, लावा ताळा. (श्रोत्यांतून : आणि व्हीव्हीपॅट?) व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या विधानसभा क्षेत्रागणिक पाच बूथच्या मोजतात, त्या पाचांचं काय करायचं हा प्रश्न आहे, कबूल. त्यावर मी स्वतंत्र लेख लिहिलाय, वाचनालयात प्रत आहे. नाही, हसू नका, खरंच आहे.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं'. म्हणजे चिटणीसांच्या घड्याळात तीन. आशेवर बोलायचं राहिलंय आणि निम्मा विषय तोच होता. थोडक्यात सांगतो. कायद्यानं सोय चांगली आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ९४ वं कलम बघा. तुम्ही कुणाला मत दिलं हे कोर्टसुद्धा तुम्हाला सांगायला लावू शकत नाही. कोर्टाला जे विचारता येत नाही ते पारावर विचारलं जातं, आणि आपण हसत हसत सांगतोही. सांगू नका. सुनेला सांगू नका, सासऱ्याला सांगू नका. एक्झिट पोलवाल्यानं टॅबलेट पुढं केला तर खुशाल थाप मारा. (हशा, टाळ्या)

वकीलसाहेबांचा हात पुन्हा वर आहे. त्यांना बोलू द्या. माझी पाच मिनिटं त्यांना.